धूर हृदयापर्यंत कसा पोचला

बेल्जियममध्ये लिएज शहराच्या अलीकडे म्यूज नदीचे खोरे अरुंद होते. दोन्ही बाजूंना टेकड्या, मध्ये नदी आणि काठाने जस्ताच्या, पोलादाच्या, काचेच्या, खतांच्या कारखान्यांची रांग. डिसेंबर १९३०च्या पहिल्या आठवड्यात या खोऱ्यावर धुके उतरले आणि हलेना. वर उबदार हवेचे झाकण बसले, खाली धुराड्यांचा धूर साठत गेला. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत साठाहून अधिक माणसे दगावली होती, हजारोंना श्वास घेणे जड जात होते. विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झां फिर्के यांच्यासह तज्ज्ञांना कारण शोधायला सांगण्यात आले. शवविच्छेदनात फुप्फुसांच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोचलेले काजळीचे बारीक कण सापडले. पण दोष ठेवला गेला तो मुख्यतः गंधकाच्या वायूंवर. कण दिसले होते, त्यांच्यावर संशय मात्र कोणी फारसा घेतला नाही. फिर्के यांनी पुढे एक हिशेब मांडला: असेच धुके लंडनवर बसले, तर तिथे ३,२०० माणसे मरतील.

हवेतले कण हृदयाला इजा करतात हे ज्ञान कुठून आले, याचा माग काढायचा तर सुरुवात या खोऱ्यापासून करावी लागते. धुराच्या तक्रारी त्याआधीही होत्याच. जॉन एव्हलिनने १६६१ मध्ये लंडनच्या कोळशाच्या धुरावर राजाला उद्देशून पुस्तिका लिहिली होती. गिरण्यांची धुराडी उभी राहिल्यावर मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाचा कायदा आला. पण त्या तक्रारींत धूर म्हणजे घाण होती. कपडे काळे होतात, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. माणसाच्या छातीत डाव्या बाजूला धडधडणाऱ्या स्नायूचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे कोणाच्या मनातही नव्हते.

फिर्के यांचा हिशेब खरा ठरायला बावीस वर्षे लागली. मध्ये १९४८च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, डोनोरा नावाच्या गावी, तसाच प्रसंग घडला. चौदा हजार वस्तीतली जवळजवळ निम्मी माणसे आजारी पडली आणि वीस दगावली. दगावलेल्यांत आधीपासून दमा किंवा हृदयरोग असलेले बरेच होते. मग ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनचे ते कुप्रसिद्ध धुके आले. स्वतःचे पाय दिसेनात, बस बंद पडल्या, प्रदर्शनासाठी आणलेली गुरे धापा टाकत मेली. सरकारी हिशेबात सुमारे चार हजार जादा मृत्यू नोंदले गेले. पुढच्या महिन्यांतले मृत्यू सरकारने इन्फ्लूएंझाच्या खात्यावर टाकले होते. अर्ध्या शतकानंतर झालेल्या फेरतपासणीत तो आकडा बारा हजारांपर्यंत गेला.

या मागोव्यात १९५२चे धुके महत्त्वाचे ठरते ते एका तक्त्यामुळे. डब्ल्यू. पी. डी. लोगन या सांख्यिकीतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्या आठवड्याचे मृत्यू कारणवार मांडले. ब्रॉन्कायटिसचे मृत्यू आधीच्या आठवड्याच्या नऊपट झाले होते. त्याच तक्त्यात काही ओळी खाली हृदयाच्या मृत्यूंचे रकाने होते आणि तेही दुपटीहून अधिक वाढले होते. नऊपटीकडे सगळ्यांचे लक्ष गेले, ते स्वाभाविकही होते. पण हृदयाने मरणारी माणसे मुळातच कितीतरी जास्त असतात. तिथली दुप्पट म्हणजे शेकडो माणसे. पाच दिवसांच्या धुक्याने त्यांचे हृदय का थांबावे, याचे उत्तर त्या काळच्या वैद्यकाकडे एकच होते. फुप्फुस निकामी झाले की अशक्त हृदयावर ताण येतो आणि ते थकते. हे उत्तर काही रुग्णांपुरते खरेही होते. अडचण अशी की ते पुरेसे वाटले आणि पुढची चाळीस वर्षे वायुप्रदूषण हा छातीच्या डॉक्टरांचा विषय राहिला.

याच काळात दिल्लीत एक वेगळा धागा हाती लागला होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे आहे आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात काम करत होत्या. फुप्फुसांच्या जुनाट रोगामुळे हृदयाची उजवी बाजू फुगून निकामी होते, त्या ‘कॉर पल्मोनेल’ या आजाराचे रुग्ण त्यांच्याकडे येत. पाश्चात्त्य पुस्तकांनुसार हा सिगारेट ओढणाऱ्या, वय झालेल्या पुरुषांचा आजार. दिल्लीत मात्र वॉर्डात बायकाही तितक्याच होत्या, त्या पुरुषांपेक्षा तरुण होत्या आणि त्यांच्यापैकी बहुतेकींनी कधी विडीला हात लावलेला नव्हता. पद्मावती आणि एस. एन. पाठक यांनी १९५९ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात अशा १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण म्हणून त्यांनी बोट दाखवले ते स्वयंपाकघरातल्या धुराकडे: गोवऱ्या आणि लाकडे जाळणारी चूल, धुराला वाट नसलेली खोली आणि लहानपणापासून तिच्यापुढे बसून फुंकणी फुंकणारी बाई.

त्या चुलीपुढच्या हवेत किती कण असतात हे मोजायला आणखी दोन दशके जावी लागली. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मापनयंत्रे लावली. स्वयंपाकाच्या वेळी एक घनमीटर हवेत सरासरी सात हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास कण भरले. लंडनच्या धुक्याच्या सर्वांत वाईट दिवसांत मोजलेल्या धुराच्या पंक्तीत बसणारा हा आकडा. लंडनचे धुके पाच दिवसांत उठले. चुलीचा धूर सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे बारा महिने तसाच राहिला.

मुंबईतही याच सुमारास मोजमाप सुरू झाले होते. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांची, तसेच तुलनेसाठी ग्रामीण लोकांची, मिळून ४,१२९ जणांची तपासणी करून त्यांचा पाठपुरावा केला. गिरण्यांचे लालबाग, खत-तेलाच्या कारखान्यांचे चेंबूर आणि त्या मानाने मोकळे खार. हवेतले वायू व धूळ आणि माणसांच्या तक्रारी शेजारी-शेजारी मांडणारा हा भारतातला फार मोलाचा अभ्यास. त्याचा भर स्वाभाविकपणे खोकला, दम लागणे आणि फुप्फुसांची क्षमता यांवर होता. इथेही काम छातीरोग विभागाचेच होते.

दरम्यान कण मोजण्याची पद्धत बदलत होती आणि ती बदलली नसती तर हृदयापर्यंतची वाट सापडलीच नसती. लंडनमध्ये हवा गाळणकागदातून ओढून कागद किती काळा पडतो ते पाहत. अमेरिकेने १९७१ मध्ये हवेतल्या सगळ्या तरंगत्या कणांच्या एकूण वजनाचे मानक ठरवले. त्यात रस्त्याची माती, परागकण, राख, सारे आले. पण मोठा कण नाकात किंवा घशात अडकतो. आत जातो तो बारीक कण. म्हणून १९८७ मध्ये दहा मायक्रॉनहून लहान कणांचे मानक आले आणि १९९७ मध्ये अडीच मायक्रॉनचे, म्हणजे आपल्याला आज ठाऊक असलेल्या पीएम २.५चे. डोक्याचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. हा कण त्याच्या पंचविसाव्या भागापेक्षाही बारीक. तो बहुतांशी जळण्यातून जन्मतो: कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा. शिवाय धुरातले वायू हवेत एकमेकांशी क्रिया करूनही असे कण तयार होतात, त्यामुळे फिर्के यांच्या काळातले गंधकाचे वायू आणि आजचे कण यांचे नाते तसे तुटलेले नाही.

कलाटणी दिली ती दोन अमेरिकी अभ्यासांनी. पहिला जवळजवळ योगायोगाने घडला. युटा राज्यात एका खोऱ्यात जिनेव्हा नावाचा पोलादाचा कारखाना होता. कामगारांच्या वादामुळे तो ऑगस्ट १९८६ पासून वर्षभराहून थोडा अधिक काळ बंद राहिला आणि मग पुन्हा सुरू झाला. तिथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे सी. आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी काढून पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत मुलांचे श्वसनाच्या आजारांसाठी दाखल होणे बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होते. त्या भागात मॉर्मन पंथीयांची वस्ती मोठी, धूम्रपान अत्यल्प. त्यामुळे सिगारेटवर खापर फोडायची सोय नव्हती.

दुसरा अभ्यास ‘सहा शहरांचा’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिका पुन्हा कोळशाकडे वळणार, अशी चिन्हे दिसल्यावर हार्वर्डच्या संशोधकांनी तो १९७४ मध्ये सुरू केला. सहा गावांतल्या ८,१११ प्रौढांची वये, वजने, व्यवसाय, सिगारेटची सवय, सारे नोंदवून चौदा ते सोळा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. डग्लस डॉकरी, पोप आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत मळकट हवेचे ओहायोतले स्टूबेनव्हिल आणि सर्वांत स्वच्छ हवेचे विस्कॉन्सिनमधले पोर्टेज यांची तुलना केली, तर धूम्रपान व इतर कारणे वजा जाता स्टूबेनव्हिलमधला मृत्युदर २६ टक्क्यांनी जास्त होता. शहरांच्या क्रमवारीशी सर्वांत घट्ट जुळत होते ते बारीक कण. आणि जादा मृत्यूंत मोठा वाटा होता हृदय व फुप्फुसांच्या आजारांचा. दोन वर्षांनी अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून तेच चित्र उमटले. पुढे हृदयाचे मृत्यू वेगळे काढून पाहिले तेव्हा दिसले, की कणांमुळे जाणाऱ्या जिवांत फुप्फुसरोगांपेक्षा हृदयविकाराचा हिस्सा मोठा आहे.

उद्योगांनी यावर जोरदार हल्ला चढवला. माहिती गुप्त ठेवली आहे, हिशेब पटत नाही, अशी टीका झाली. मग हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने स्वतंत्र संशोधकांकडून मूळ माहितीचे पुन्हा विश्लेषण करून घेतले. २००० साली आलेला त्यांचा अहवाल मूळ निष्कर्षांना दुजोरा देणारा होता. पण टीकाकारांचा एक प्रश्न रास्त होता. श्वासातून गेलेली चिमूटभर धूळ हृदय कसे बंद पाडेल?

या प्रश्नाला पहिले नेमके उत्तर सुचवले ते स्कॉटलंडच्या अँथनी सीटन यांनी, १९९५ मध्ये. तेही छातीरोगतज्ज्ञच. त्यांचे म्हणणे असे: अतिसूक्ष्म कण वायुकोशांत पोचले की तिथे दाह सुरू होतो, दाहाचे संदेश रक्तात उतरतात आणि रक्त गोठण्याकडे झुकते. हा तेव्हा केवळ तर्क होता. दोनच वर्षांत ॲनेट पीटर्स आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या. हृदयरोगाच्या एका सर्वेक्षणासाठी तिथे १९८४-८५ मध्ये हजारो लोकांचे रक्त तपासले होते आणि नेमक्या त्याच काळात, जानेवारी १९८५ मध्ये, युरोपभर प्रदूषित हवा साचली होती. त्या दिवसांत तपासलेल्यांच्या रक्तद्रवाचा घट्टपणा जास्त निघाला. दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या रक्ताने सीटन यांच्या तर्काची साक्ष दिली.

पुढच्या साक्षीत एक पुणेकर डॉक्टर आहेत. पुढे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमुळे परिचित झालेले डॉ. संदीप साळवी त्या वेळी इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन इथे संशोधन करत होते. स्वीडनमधल्या उमिओ इथे त्यांनी व सहकाऱ्यांनी पंधरा निरोगी स्वयंसेवकांना एक तास सौम्य केलेल्या डिझेलच्या धुरात बसवले. धुरातल्या कणांचे प्रमाण घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम ठेवले होते, उत्तर भारतातल्या हिवाळ्यात भर रस्त्यावर सहज भेटते तेवढे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात श्वासनलिकांतला दाह तर होताच, शिवाय स्वयंसेवकांच्या हातातून काढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वाढलेल्या होत्या. प्लेटलेट म्हणजे गुठळी बांधणारे घटक. हे स्वयंसेवक धडधाकट होते आणि धूर एकाच तासाचा होता.

मग एकेक दुवा जुळत गेला. कणांचे प्रमाण वाढले की हृदयाच्या ठोक्यांमधले स्वाभाविक चढउतार कमी होतात, हे वृद्धांच्या छातीला यंत्रे लावून दिसले. ठोक्यांचा लगाम स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतो. फुप्फुसांतल्या नसांना त्रास झाला की तो लगाम बिघडतो आणि बिघाड मिनिटांत होऊ शकतो. टोरांटोत रॉबर्ट ब्रूक यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की दोन तास बारीक कण आणि ओझोन असलेली हवा घेतल्यावर निरोगी तरुणांच्या दंडातली रोहिणी आकसते. पीटर्स यांनी बॉस्टनमध्ये हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ७७२ जणांच्या झटक्याची वेळ आणि हवेची नोंद जुळवून पाहिली. आधीच्या दोन तासांत कण वाढलेले असले तर धोका वाढलेला होता. म्हणजे ही वर्षानुवर्षे साठत जाणारीच इजा आहे असे नाही. सकाळच्या रहदारीचा परिणाम त्याच दुपारी दिसू शकतो.

या प्रयोगांतला मला सर्वांत बोलका वाटतो तो निकोलस मिल्स, डेव्हिड न्यूबी आणि सहकाऱ्यांचा २००७चा. पूर्वी झटका येऊन सावरलेले वीस पुरुष सायकल चालवत होते, कधी स्वच्छ हवेत, कधी डिझेलच्या सौम्य धुरात. कोणती हवा केव्हा, हे त्यांना सांगितलेले नव्हते. ईसीजीत हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याची जी खूण दिसते, ती धुरात जवळजवळ तिप्पट ठळक झाली. गुठळी विरघळवणारे जे द्रव्य रक्तवाहिन्यांचे अस्तर सोडते, तेही सुमारे एक तृतीयांशाने घटले. छातीत दुखल्याची तक्रार मात्र कोणीच केली नाही. हृदय उपाशी राहत होते आणि माणसाला पत्ता नव्हता.

कण स्वतः रक्तात उतरतात का, हा वाद बराच काळ चालला. एडिंबरामध्ये २०१७ साली स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले. सोने शरीरात एरवी नसल्याने ते ओळखता येते. पंधरा मिनिटांत ते रक्तात सापडले आणि तीन महिन्यांनंतरही मिळत राहिले. मानेच्या रोहिणीवर शस्त्रक्रिया होणार होती अशा रुग्णांनाही ते दिले, तेव्हा रोहिणीतून काढलेल्या चरबीच्या थरातही सोने निघाले. जिथे वाहिनी आधीच आजारी आहे, तिथे कण जाऊन बसत होते.

यापुढचा प्रश्न हृदयाच्या घडणीचा. ब्रिटनमधल्या सुमारे चार हजार लोकांच्या हृदयांच्या एमआरआय प्रतिमा नाय आँग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अभ्यासल्या. कोणालाही हृदयरोगाचे निदान झालेले नव्हते. ज्यांच्या घराजवळची हवा जास्त मळकट, त्यांच्या दोन्ही जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, किंचित मोठ्या भरल्या. हृदय निकामी होण्याच्या वाटेवरच्या सुरुवातीच्या टप्प्यात असेच आकारमान वाढते. या लोकांच्या परिसरातले पीएम २.५ आठ ते बारा मायक्रोग्रॅमच्या दरम्यान होते. मुंबई-पुण्याच्या रहिवाशाला ती हवा निर्मळ वाटेल.

हवा सुधारली तर हृदय सावरते का? डब्लिनने १९९० मध्ये कोळशाच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा हृदयाचे मृत्यू दहा टक्क्यांनी घटल्याचे आधी जाहीर झाले होते. नंतरच्या काटेकोर फेरतपासणीत श्वसनाच्या मृत्यूंतली घट टिकली, हृदयाची टिकली नाही. देशभरच हृदयाचे मृत्यू कमी होत होते. ही दुरुस्ती संशोधकांनी स्वतःच केली, म्हणून बाकीच्या निष्कर्षांवर माझा विश्वास वाढतो. बीजिंगचा दाखला अधिक भक्कम आहे. २००८च्या ऑलिंपिकसाठी सरकारने कारखाने आणि वाहने रोखली. त्या काळात १२५ निरोगी तरुण डॉक्टरांचे रक्त खेळांआधी, दरम्यान आणि नंतर तपासले गेले. प्लेटलेट चिकट होण्याचा एक निदर्शक खेळांदरम्यान ३४ टक्क्यांनी उतरला आणि खेळ संपून धूर परतल्यावर पुन्हा वर चढू लागला.

पोप यांनी २००९ मध्ये प्रदूषण, इतरांच्या सिगारेटचा धूर आणि प्रत्यक्ष धूम्रपान या तिन्हींचे आकडे एका आलेखावर मांडले, तेव्हा एक विचित्र वळण दिसले. फुप्फुसाचा कर्करोग कणांच्या प्रमाणात सावकाश वाढत जातो. हृदयाचा धोका मात्र अगदी थोड्या कणांपाशीच झपाट्याने चढतो आणि नंतर सपाट होत जातो. याचा अर्थ, अतिप्रदूषित शहराने हवा थोडीशी सुधारली तर हृदयाला त्याचा लाभ कमी. खरा लाभ खालच्या आकड्यांपर्यंत उतरण्यात आहे. अमेरिकेने पीएम २.५चे वार्षिक मानक १५ वरून १२ वर आणि २०२४ मध्ये ९ वर आणले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते ५ केले. सहा शहरांच्या अभ्यासात सर्वांत मळकट ठरलेल्या, जिथे माणसे २६ टक्के अधिक वेगाने मरत होती, त्या स्टूबेनव्हिलची सरासरी २९.६ होती. भारताने २००९ मध्ये, तो अभ्यास छापून सोळा वर्षे झाल्यावर, आपले वार्षिक मानक ४० ठरवले. ते अद्याप ४० आहे.